भट्टी दुरुस्तीसाठी बंद : बेळगावातल्या एका जुन्या हॉटेलचं प्रकरण

31 मार्च 2019, रविवार. हॉटेलचा शेवटचा दिवस. सकाळी साडेसहाला मी पोचले तेव्हा रांग गल्लीच्या तोंडापर्यंत आली होती. तिलकवाडीहून आलेले होते, शहापूर-वडगावचे होते. दोन कुटुंबं पुण्याहून रात्रभर गाडी चालवून आली होती. एक आजी व्हीलचेअरवर होत्या आणि त्यांच्या मांडीवर स्टीलचा डबा होता. साडेदहाला आतून हेडकुक बाहेर आला, हात पुसत म्हणाला, "पीठ संपलं." रांगेतलं कुणी हललं नाही. चहा आणि उप्पीट चालेल म्हणाले. ते अकराला संपलं, मग नुसता चहा.

माझ्या पुढे उभे असलेले एक काका मागे वळून म्हणाले, "सीमाप्रश्नानं खाल्लं बघ हे हॉटेल."

बेळगाव महाराष्ट्राचं की कर्नाटकाचं, हा 1956 पासूनचा वाद म्हणजे सीमाप्रश्न. हे वाक्य मी त्या दिवशी किमान पाच जणांकडून ऐकलं आणि त्यानंतर कितीदा ऐकलं याची गणती नाही. मराठी माणसं म्हणतात तसं कानडी माणसंही म्हणतात, फक्त दोष उलट्या बाजूला देतात. मी कर-सल्लागार आहे. हॉटेल बंद करायचं की नाही हे ठरवण्यासाठी मालकांनी त्याआधीचे चार महिने सगळ्या वह्या माझ्यापुढे टाकल्या होत्या. वह्यांत जे दिसलं ते या वाक्याशी जुळत नव्हतं. आणि शेवटी एका कागदात जे सापडलं, त्यानं माझाही हिशेब पुन्हा मांडायला लावला. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. हॉटेलचं आणि माणसांचं नाव देत नाही, कुटुंबाची तशी इच्छा आहे. बेळगावचे लोक ओळखतीलच.

दोन गावं, एक तारीख

हॉटेल सुरू केलं ते थोरल्या अण्णांनी, 1938 साली. मूळ गाव उडुपीजवळचं. घरी तुळू. तेव्हा उडुपी दक्षिण कानडा जिल्ह्यात होतं आणि तो जिल्हा मद्रास प्रांतात. बेळगाव मुंबई प्रांतात. म्हणजे अण्णा एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात आले होते, त्या काळच्या हिशेबानं परमुलखात. किनारपट्टीवरची पोरं त्या काळात अशीच बाहेर पडायची. शेत थोडं, खाणारी तोंडं जास्त, आणि 1923 च्या महापुरानं पुष्कळांचं होतं तेही नेलं. पोरगं आधी कुणा नात्यातल्याच्या हॉटेलात कपबशा विसळायला राहायचं. मग 'क्लीनर'चा 'सप्लायर' व्हायचा, मग भट्टीजवळ जायचा. नशीब असेल तर एक दिवस गल्ल्यावर बसायचा. थोरले अण्णा हुबळीला विसळण्यापासून सुरू झाले आणि चोविसाव्या वर्षी बेळगावात एका वाड्याच्या पुढच्या दोन खणांत स्वतःच्या गल्ल्यावर बसले.

1 नोव्हेंबर 1956 ला राज्यपुनर्रचना झाली. मुंबई राज्यातलं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्याच दिवशी दक्षिण कानडाही मद्रास राज्यातून म्हैसूर राज्यात आला. अण्णांचं गाव आणि अण्णांचं दुकान, दोन्ही एकाच दिवशी एका राज्यात आली. अठरा वर्षं परमुलखात राहिलेला माणूस जागचा न हलता आपल्या मुलखात पोचला. आणि त्याच्यासमोर रोज सकाळी बसून कॉफी पिणारे माझे आजोबा, मराठी शाळेतले शिक्षक, जागचे न हलता परमुलखात गेले.

एका टेबलाच्या दोन बाजूंना हे घडलं. आजोबा पुढे आयुष्यभर 17 जानेवारीला, सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या दिवशी, हुतात्मा चौकात उभे राहिले, 1 नोव्हेंबरला काळी फीत लावून फेरीत चालले. अण्णांच्या नात्यातली माणसं त्याच 1 नोव्हेंबरला कर्नाटकाचा राज्योत्सव करायची. आणि 2 नोव्हेंबरला सकाळी आजोबा त्यांच्या नेहमीच्या, भिंतीकडच्या खुर्चीत असायचे. दोघांनी या विषयावर कधी वाद घातला का, असं मी आजोबांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "काय बोलणार? त्याला झालेला आनंद खोटा नव्हता, आणि माझं दुःखही."

1 नोव्हेंबरला हॉटेल बंद असायचं. उघडं ठेवलं तर एका बाजूला वाटणार हा सण पाळत नाही, दुसऱ्या बाजूला वाटणार हा सूतक पाळत नाही. बंद ठेवलं तरी कारण काय लिहायचं, हा प्रश्न होताच. थोरल्या अण्णांनी एक लाकडी पाटी रंगवून घेतली होती. वर मराठीत, खाली कानडीत, दोन्हीकडची अक्षरं एकाच मापाची : 'भट्टी दुरुस्तीसाठी आज बंद.' वर्षातून एकदा ती शटरला लागायची. पुढे लाकडाची भट्टी जाऊन डिझेलची आली, मग गॅस आला, दुरुस्त करायला भट्टीच उरली नाही. पाटी तीच राहिली. बेळगावात कुणी त्यांना कधी विचारलं नाही की दरवर्षी नेमकी त्याच दिवशी तुमची भट्टी कशी बिघडते.

आत काय होतं

प्रकरण अभ्यासात हा भाग थोडक्यात आवरायचा असतो. पण काय गेलं हेच कळलं नाही तर ते कसं गेलं याला अर्थ नाही.

पुढे आठ टेबलं, वर संगमरवरी फरशा, कडा झिजून गोल झालेल्या. गल्ल्याच्या उजव्या अंगाला दोन झुलती अर्धी दारं, त्यांच्या मागे 'फॅमिली रूम'. माझी आई आणि तिच्या तीन मैत्रिणी बाजार झाला की पिशव्या भिंतीला टेकवून तिथे बसायच्या. 1970-80 च्या दशकात आमच्यासारख्या घरातल्या बायकांना नवऱ्याशिवाय, मुलांशिवाय चार घटका बसून कॉफी प्यायला गावात दुसरी जागा नव्हती. आई 'बाय टू' सांगायची, एका कॉफीचे दोन पेले. आणि सप्लायर दोन्ही पेले जवळजवळ भरून आणायचा. हे थोरल्या अण्णांनी स्वयंपाकघरात सांगून ठेवलं होतं, हे मला वह्या बघताना त्यांच्या मुलाकडून, धाकट्या अण्णांकडून कळलं. बायका आपल्या पैशानं येतात, त्यांचा पेला अर्धा दिसता कामा नये.

डोसा लोण्याचा. लोणी खानापूरकडच्या खेड्यांतून यायचं, केळीच्या पानात गुंडाळलेलं. डोशावर बोटभर गोळा ठेवून तो कालथ्यानं एकदाच फिरवायचा, दोनदा नाही. चटणी पांढरी, ओल्या नारळाची, हिरवी मिरची जेमतेम. शनिवारी केळ्याचे बन्स. पावसाळ्यात संध्याकाळी मंगळुरी भजी, आतून जाळीदार, बाहेरून तांबूस. थंडीत आलेपाकाच्या वड्या बरणीत.

आणि आवाज. गिऱ्हाईक मराठीत सांगायचं, नाहीतर कानडीत. सप्लायर आत ओरडायचा तो तुळूत. "रड्ड मसाला! ओंजी खाली!" म्हणजे दोन मसाला डोसे, एक साधा. मी पाच वर्षांची असताना एक ते पाच तुळूत मोजायला शिकले होते, ओंजी, रड्ड, मूजी, नाल, ऐन. शाळेत पाढे म्हणताना एकदा तोंडातून 'रड्ड' निघालं आणि बाईंनी विचारलं, कुठं शिकलीस? वर्गातल्या निम्म्या मुलांनी एकदम हॉटेलचं नाव घेतलं.

सप्लायरांच्या मराठीत सगळं स्त्रीलिंगी असायचं. "ताई, डोसा आली." "सांबार देऊ का, गरम हाय ती." आमच्या घरी अजूनही डोसा 'येते'. माझ्या मुलीनं ते हॉटेल मोठेपणी फार पाहिलं नाही, पण तीही म्हणते, डोसा झाली का गं.

पहाटे गोव्याला भाजी नेणारे गाडीवाले असायचे. रविवारी कॅम्पातून मराठा लाइट इन्फंट्रीचे रंगरूट यायचे, केस बारीक कापलेले, सुटीचे दोनच तास, त्यामुळे उभ्यानंच चार चार इडल्या. लग्नसराईत शहापुरात साड्या घ्यायला आलेली खेड्यातली कुटुंबं, नवरीसकट. थोरले अण्णा नवरी दिसली की शिऱ्याची बशी पाठवायचे, बिलात न लावता. माझ्या आईलाही मिळाली होती, तिच्या लग्नाच्या साडीच्या दिवशी.

जून 1986

मी आठवीत होते. कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, माणसं गेली. बेळगावात संचारबंदी लागली. त्या वयात मला कळत होतं ते इतकंच की दूध येत नाही आणि वडील खिडकीजवळ जाऊ देत नाहीत.

संचारबंदी पहिल्यांदा दोन तास उठली तेव्हा वडिलांनी मला बरोबर घेतलं. हॉटेलचं शटर गुडघ्याइतकं वर होतं. आत थोरले अण्णा स्वतः इडलीच्या साच्यापाशी उभे होते, कारण कामगार निम्मे गावाला पळाले होते. शटरखालून वर्तमानपत्रात बांधलेल्या इडल्या बाहेर येत होत्या आणि लोक घेऊन जात होते. कोण कुठल्या गल्लीचा, याची चौकशी नव्हती. वडिलांनी पैसे पुढे केले तर आतून आवाज आला, "उद्या, मास्तर, उद्या." वडील बँकेत होते, पण आजोबा मास्तर म्हणून आमच्या घरातला प्रत्येक पुरुष त्यांच्यासाठी मास्तर.

मी या आठवणीवर फार जीव लावून आहे, म्हणूनच वह्या उघडल्यावर आधी 1986 काढलं.

वह्या काय सांगतात

या हॉटेलात विक्रीच्या आकड्यांवर विसंबण्यात अर्थ नव्हता. भाव बदलत गेले, कर बदलत गेले, आणि जुन्या वह्यांत रोजचा गल्ला बऱ्याचदा ढोबळ लिहिलेला. पण एक वही विश्वासाची होती. रात्री डोशा-इडलीसाठी किती तांदूळ भिजत घातला ते हेडकुक रोज लिहायचा. उद्या किती माणसं येणार याचा त्याचा अंदाज त्यात असतो, आणि तीस वर्षं भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाचा तो अंदाज चुकत नाही. पीठ उरलं तर आंबतं, म्हणून तो उगाच जास्त भिजवत नाही. मी सगळा अभ्यास तांदळाच्या वहीवर केला.

1986 च्या मे महिन्यात रोज 45 किलोच्या आसपास. जूनमध्ये मधले दिवस कोरे. जुलैत पुन्हा 45, काही दिवशी 48. म्हणजे गोळीबारानंतर महिन्याभरात माणसं परत आली, आणि जास्तच आली. 1 नोव्हेंबर 2014 ला शहराचं नाव अधिकृतपणे 'बेळगावी' झालं, त्याच्या आगचेमागचे आठवडे पाहिले. तांदळात फरक नाही. बंद पुकारले गेले ते दिवस वहीत रेघ मारून सोडलेले आहेत. वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांनी हॉटेल बुडणं शक्य नव्हतं.

उतार दिसतो तो वेगळ्याच जागी. 2003 ते 2007 मध्ये 40 वरून 28. 2012 पर्यंत 20. 2018 च्या डिसेंबरात नऊ किलो.

ही वर्षं काय होती? गाव पसरत गेलं. जुन्या वाड्यांतली कुटुंबं तिलकवाडीच्या पुढे, अनगोळकडे, नव्या वसाहतींत राहायला गेली. सकाळी चालत येणारं गिऱ्हाईक आता गाडीनं यायला लागलं आणि गल्लीत गाडी लावायला जागा नाही. काँग्रेस रोडच्या बाजूला नवी हॉटेलं निघाली, पार्किंग असलेली. आमची मुलं पुण्याला, बंगळूरला गेली. हे सगळं मी तिऱ्हाईतासारखं लिहिते आहे, पण त्या उतरत्या तांदळात माझं घरही आहे. 2005 ला आम्ही बंगला बांधून गल्ली सोडली. त्यानंतर मी तिथे महिन्यातून एकदा जायचे, मग दिवाळीला, मग कुणी पाहुणा आला की. 2018 मध्ये वह्यांच्या कामासाठी मी पायरी चढले तेव्हा त्याआधी शेवटचं कधी आले होते ते मला आठवेना. धाकट्या अण्णांना आठवत होतं. चौदा महिने झाले होते.

स्वयंपाकघराचा प्रश्न तितकाच मोठा होता. 1990 पर्यंत गावाकडून वर्षाला दोन-तीन पोरं यायची. मग ती शाळेत गेली, कॉलेजात गेली, आखाती देशांत गेली, आणि ते चांगलंच झालं, धाकटे अण्णा स्वतः तसं म्हणायचे. पण भट्टीपाशी 'ओंजी, रड्ड' ओरडणारं कुणी उरलं नाही. शेवटच्या पाच वर्षांत ओडिशाकडची दोन मुलं होती. कामाला चोख. ती एकमेकांत उडियात बोलायची आणि ऑर्डर हिंदीत जायची. हेडकुक सत्तरीचा. त्याला लोण्याचा तो एकच फेरा शिकवायचा होता आणि शिकणारं माणूस वर्षभर टिकत नव्हतं.

भाव हे तिसरं. धाकटे अण्णा भाव वाढवायचे ते दोन-दोन रुपयांनी, आणि तेही वर्षाआड. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा साध्या हॉटेलांना 12 टक्के होता, नोव्हेंबरात तो 5 वर आला. मधले साडेचार महिने त्यांनी बिलावर कर लावलाच नाही, पदरचा भरला. मी रागावले. ते म्हणाले, "ताई, म्हातारी माणसं मोजून पैसे घेऊन येतात. मोजलेले कमी पडले तर त्यांना काउंटरपाशी लाज वाटते." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पण वहीत त्या महिन्यांचा तोटा स्पष्ट दिसतो.

आणि जागा. वाडा भाड्याचा होता, ऐंशी वर्षं. कर्नाटकात 1961 च्या भाडेनियंत्रण कायद्याखाली जुन्या भाडेकरूला हलवणं अवघड होतं. त्याच्या जागी 1999 चा कायदा आला आणि 14 चौरस मीटरपेक्षा मोठ्या व्यापारी जागांचं ते संरक्षण गेलं. दोन खणांचं, फॅमिली रूमचं, मागच्या भटारखान्याचं हॉटेल अर्थातच त्याहून मोठं. ज्यांनी कधी भाडं वेळेवर मागितलं नाही ते जुने वाडामालक वारले. वारस सात, पुण्या-मुंबईत. 2018 च्या पावसाळ्यात वकिलाची नोटीस आली. वाडा विकायचा होता. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. गळकं छत दुरुस्त करायला सात घरांतून पैसे गोळा करणं कुणाला जमतं? एवढंच नोंदवते की वाडामालक मराठी होते. 'सीमाप्रश्नानं खाल्लं' म्हणणाऱ्या काकांना हे ठाऊक नव्हतं.

जानेवारीतली बैठक

पर्याय चार होते. कोर्टात जाऊन वेळ काढायचा. दुसरीकडे लहान जागा घेऊन पाच-सहाच पदार्थ ठेवायचे. नाव कुणाला तरी वापरायला द्यायचं, त्यासाठी एक जण विचारूनही गेला होता. किंवा थांबायचं.

दुपारी तीनला, हॉटेल रिकामं असताना, फॅमिली रूममध्ये बसलो. धाकटे अण्णा, त्यांच्या पत्नी (आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो), हेडकुक आणि मी. मुलगा बंगळूरहून फोनवर.

मी दुसऱ्या पर्यायाच्या बाजूची होते. तिलकवाडीत एक गाळा बघून ठेवला होता, आकडे मांडून नेले होते. लोण्याचा डोसा, इडली, बन्स, कॉफी. माणसं चार. जुनं गिऱ्हाईक तिकडेच राहायला गेलंय, आपण त्याच्या दारात जाऊ, असा माझा युक्तिवाद.

मुलगा म्हणाला, "अप्पा, ताई म्हणतात ते बरोबर आहे. पैसे मी घालतो. पण मी येऊ शकणार नाही, हे आधीच सांगतो."

अण्णांनी हेडकुककडे बघितलं. तो तुळूत काहीतरी म्हणाला, बरंच लांब. अण्णांनी माझ्यासाठी मराठीत केलं ते एवढंच : "तो म्हणतो, नवी भट्टी लावायला ये म्हणालात तर येईन. पण मी गेल्यावर कोण, ते आधी सांगा."

अक्का तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, तुमच्या कागदात दिवसाला किती गिऱ्हाईक धरलंय?"

मी आकडा सांगितला.

"ते कुठून आणलं?"

आणि माझ्या लक्षात आलं की तो आकडा मी वहीतून घेतलाच नव्हता. माझ्या डोक्यातल्या गर्दीतून घेतला होता, रविवारची टेबलं, उभे रंगरूट, झुलत्या दारामागच्या बायका. वीस वर्षं हिशेब करून पोट भरणाऱ्या बाईनं आपल्या लहानपणची गर्दी गाळ्याच्या भाड्यासमोर मांडली होती. अक्का रोज सकाळी किती खुर्च्या रिकाम्या राहतात ते बघत होत्या. मी कागद मिटला.

नाव द्यायला अण्णा तयार नव्हते. "आत आमचा माणूस नसेल तर बाहेर आमचं नाव कशाला?" कोर्टात जायलाही नाही म्हणाले. "त्यांच्या वडिलांनी आम्हाला ऐंशी वर्षं ठेवून घेतलं." मार्चअखेर ठरली. हिशेबाचं वर्षही तिथेच संपतं, मला सोयीचं जाईल, असंही म्हणाले. त्या वेळीसुद्धा माझी सोय.

एक पत्र

हे इथे संपलं असतं तर मी सरळ लिहिलं असतं की सीमेचा याच्याशी संबंध नाही. पण फेब्रुवारीत जुने कागद निकाली काढताना 1987 सालच्या भाडेपावत्यांच्या गठ्ठ्यात एक पत्र मिळालं. जुन्या वाडामालकांचं, मोडीवळणाच्या सुरेख मराठी अक्षरातलं. मुलं बाहेरगावी स्थिरावली, वाडा सांभाळणं होत नाही, तुम्ही घेत असाल तर परक्याला देण्याआधी तुम्हाला विचारतो, किंमत बसून ठरवू, पैसे सवडीनं द्या. असा आशय.

मी ते धाकट्या अण्णांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. त्यांना पत्र आठवत होतं.

"मी तेव्हा बाबांच्या मागे लागलो होतो, घेऊ या म्हणून. पैसे होते. बाबा म्हणाले, मागच्या वर्षी काय झालं बघितलंस ना? हे गाव कुठं राहणार, कुठं जाणार, कोण सांगतो? भाड्याच्या जागेतून माणूस उठून जाऊ शकतो. विकत घेतली की अडकला. जरा थांबू, निकाल लागू दे."

निकाल लागू दे. 1966 मध्ये सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमला गेला, 1967 मध्ये अहवाल आला, महाराष्ट्रानं तो मान्य केला नाही. 2004 मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. थोरले अण्णा त्याआधीच, 1991 मध्ये वारले. तोवर वाड्याचे भाव धाकट्या अण्णांच्या आवाक्याबाहेर गेले होते.

वाडा त्यांचा असता तर? तांदूळ तरी उतरलाच असता, पोरं तरी गावाकडून आली नसती. पण नऊ किलो तांदळावर, भाड्याशिवाय, स्वतःच्या दोन खणांत, एक म्हातारा हेडकुक आणि दोन मुलं घेऊन आणखी काही वर्षं निघाली असती. त्या वर्षांत लोण्याचा फेरा कुणीतरी शिकलं असतं. मी हे आकडे मांडून पाहिले आहेत, या वेळी वहीतलेच घेऊन. बसतात.

तेव्हा रांगेतले काका अगदीच चुकीचं बोलत नव्हते. गोळीबारानं, बंदनं, पाटीवरच्या अक्षरांनी हॉटेल गेलं नाही. परमुलखात आलेल्या, मग जागेवरच घरी पोचलेल्या एका माणसानं 1987 च्या एका दुपारी ठरवलं, जरा थांबू. माझ्या आजोबांनी गल्लीतलं घर पुन्हा बांधलं नाही तेही याच कारणानं. निकाल लागला की बघू, म्हणायचे. आमच्या घरातली मागची भिंत ओल धरून होती आणि ते तिला दरवर्षी चुना लावायचे.

नंतर

संगमरवरी फरशा एका जुन्या सामानवाल्यानं नेल्या. इडलीचे साचे आणि दगडी रगडा अण्णांनी उडुपीला नेला. हेडकुक गावी परतला. ओडिशाच्या मुलांपैकी धाकटा इथेच दुसऱ्या हॉटेलात लागला. मी मुद्दाम जाऊन तिथला डोसा खाल्ला. लोण्याचा गोळा त्यानं कालथ्यानं एकदाच फिरवला. मी त्याला विचारलं नाही, त्यानंही काही सांगितलं नाही, पण बशी ठेवताना माझ्याकडे बघून हसला.

वाडा पाडला गेला. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे.

ती लाकडी पाटी अण्णा निघताना माझ्याकडे देऊन गेले. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर ठेवली आहे. 2019 च्या 1 नोव्हेंबरला सकाळी सातला त्यांचा फोन आला. शहरात एकीकडे मिरवणुकीची तयारी चालली होती, दुसरीकडे काळ्या फिती वाटल्या जात होत्या.

"ताई, पाटी लावली का?"

मी म्हटलं, "लावलीय."

"बरं. उद्या काढा हं आठवणीनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटी उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि त्यांना फोन केला. ते कॉफी घेत होते. म्हणाले, नारळ यंदा बरा लागलाय, कुणी येणारं असेल तर चटणीपुरते पाठवतो.

चार नारळ आले, बसनं, गोणपाटात बांधून.